ओसरीवरचा पाहुणा

2019 च्या पावसाळ्यात आमच्या शाळेला दहा जुने लॅपटॉप देणगी म्हणून मिळाले. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि त्या स्वतःच टंकलिखित करतो, एवढ्यावरून शाळेत असा समज झाला आहे की मला संगणकातले सारे कळते. तेव्हा ते दहाही लॅपटॉप माझ्या गळ्यात पडले. त्यापूर्वी शाळेत दोन संगणक होते. त्यांच्यावर जी प्रणाली होती तिची प्रत कोठून आली, हे कोणी कोणाला विचारीत नसे. मुलांना परीक्षेत कॉपी करू नका म्हणून बजावायचे आणि त्यांना शिकवायचे ते मात्र कॉपी केलेल्या यंत्रावर, ही विसंगती मला टोचत असे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, डेबियन घाला. त्यात चोरी नाही, खर्च नाही आणि लपवाछपवीही नाही."

त्याने पाठविलेल्या पेनड्राइव्हवरून मी काम सुरू केले. पडद्यावर प्रश्न चक्क मराठीत येत होते. कुणा अनोळखी स्वयंसेवकांनी ते भाषांतर करून ठेवले होते. सातवीच्या चारपाच मुली भोवती उभ्या होत्या. अर्ध्या वाटेवर यंत्र थांबले. बिनतारी जोडणीच्या भागाला एक फाइल हवी आहे, ती मुक्त नाही, म्हणून आमच्याजवळ नाही. तुमच्याजवळ असल्यास द्या, अशा अर्थाची सूचना आली. मी चडफडलो. एका मुलीने मात्र ती सूचना दोनदा वाचली आणि विचारले, "सर, मुक्त नाही म्हणजे? हा लॅपटॉप आपला नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ वाचल्यावर ध्यानात आले की हाच प्रश्न जगभर पसरलेल्या शेकडो जाणत्या माणसांनी पंचवीस वर्षे एकमेकांना विचारला आहे, त्यावर ठराव मांडले आहेत, मते घेतली आहेत आणि मैत्र्याही तोडल्या आहेत. त्या वादाचा इतिहास सांगावा असा माझा विचार आहे. तो संगणकाचा असला तरी त्यातला पेच संगणकाचा नाही.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द आहे; त्यामुळे तिकडे अर्धा वाद शब्दातच खर्ची पडतो. मराठीला ती अडचण नाही. आज्ञावली माणूस लिहितो ती वाचता येण्याजोगी असते. तिला मूळ संहिता म्हणू. यंत्राला पुरवायचे ते तिचे आकड्यांतले रूप. ते माणसाला वाचता येत नाही म्हटले तरी चालेल. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना मिळते, जी हवी तशी वापरता येते, अभ्यासता येते, बदलता येते आणि बदललेली वाटताही येते, ती मुक्त. ती विकत मिळाली तरी मुक्तच. उलट, पै न घेता दिलेली आज्ञावली उघडून पाहण्याची मनाई असेल तर ती फुकट खरी, पण मुक्त नव्हे.

या विचाराचा उगम एका छपाईयंत्रात आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असत. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी त्याच्या आज्ञावलीत भर घालून केली होती. नवे यंत्र आले. कागद त्यातही अडके, पण त्याची मूळ संहिता मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने ती कोणाला न देण्याचे वचन दिले होते. घटना क्षुल्लक, परंतु स्टॉलमन यांना तिच्यात एक मोठा अन्याय दिसला. 1983 च्या सप्टेंबरात त्यांनी संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि तिला ग्नू हे नाव दिले. 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लिहिला, पुढल्या वर्षी तो ग्नूच्याच परवान्याखाली आणला, आणि घराला पाया मिळाला.

परंतु विटा, चुना, वासे यांच्या राशी म्हणजे घर नव्हे. हजारो आज्ञावल्या गोळा करून, एकमेकींशी जुळवून लोकांच्या हाती देणारा कोणी हवा होता. ते काम 16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मर्डॉक या तरुणाने अंगावर घेतले. आपल्या प्रेयसीचे डेब्रा आणि आपले इयन ही नावे जोडून त्याने डेबियन हे नाव बनविले. पहिल्या दिवसांत, 1994-95 मध्ये, वर्षभर या कामाला स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आर्थिक पाठबळही दिले. एकाच कुळातली ही दोन घरे. त्यांचा पुढचा दुरावा म्हणूनच अधिक बोलका आहे.

1997 च्या जुलैत डेबियनने एक सामाजिक करार संमत केला. त्याचा मसुदा त्या वेळचे पुढारी ब्रूस पेरेन्स यांनी केला होता. कराराच्या पहिल्या कलमात डेबियन पूर्णपणे मुक्त राहील असे वचन आहे. पाचवे कलम वाचले म्हणजे माणूस थबकतो. आमच्या काही उपयोगकर्त्यांना मुक्त नसलेल्या आज्ञावल्या लागतात हे आम्ही मान्य करतो. त्यांच्यासाठी आमच्या भांडारात वेगळे कप्पे ठेवले आहेत. ते डेबियनचा भाग नव्हेत. तथापि त्यांना आमची सेवा मिळेल, असा त्याचा आशय. मुख्य भांडार एक; जे स्वतः मुक्त पण अमुक्ताच्या आधारावाचून चालत नाही त्याचा दुसरा कप्पा; आणि उघड उघड अमुक्त असलेल्यांचा तिसरा. थोडक्यात, पाहुण्याला माजघरात प्रवेश नाही, पण ओसरीवर घोंगडी टाकून दिली आहे, पाणीही विचारले जाते.

हे ढोंग आहे काय? स्टॉलमन यांचा पक्ष होय म्हणतो. ज्या गोष्टीला तुम्ही अन्याय्य मानता तीच तुम्ही आपल्या भांडारातून वाटता. मग कप्प्यावर कोणतीही पाटी लावा, वाटणारा हात तुमचाच. म्हणूनच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ज्या प्रणालींची शिफारस करते त्यांच्या यादीत डेबियन नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही टाकाऊ नाही. नव्वदीच्या दशकात इंटरनेट पाहायचे तर बहुतेकांना नेटस्केप लागे, आणि 1998 पर्यंत त्याची संहिता बंद होती. ते न देणारी प्रणाली कोणी घेतली असती? जो दाराशीच येत नाही त्याला घर दाखविणार कसे?

इतिहास कोणाच्या बाजूने साक्ष देतो? दोघांच्याही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. केडीई या पडदासजावटीच्या मोठ्या उपक्रमाची गोष्ट घ्या. 1996 मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचा सारा डोलारा क्यूटी नावाच्या एका नॉर्वेजियन कंपनीच्या साधनावर उभा होता, आणि ते साधन मुक्त नव्हते. केडीईचा स्वतःचा परवाना आणि क्यूटीचा परवाना यांचे जमत नव्हते. 1998 मध्ये डेबियनने केडीई भांडारातून काढून टाकले. लोक रागावले, इतकी सुंदर वस्तू कागदी हट्टापायी घालविली म्हणाले. दरम्यान क्यूटीवाचून चालेल असा ग्नोम नावाचा दुसरा उपक्रम 1997 मध्येच उभा राहिला होता. अखेर 2000 च्या सप्टेंबरात कंपनीने क्यूटी ग्नूच्या परवान्याखाली खुले केले आणि केडीई परत आले. नकारालाही फळ येते, ते असे. पण नेटस्केपची हकीकत उलट आहे. त्याला ओसरीवर ठेवले म्हणून काही मुक्त ब्राउझर जन्मायचा राहिला नाही. त्याचीच संहिता 1998 मध्ये खुली झाली, तिच्यातून मोझिला वाढला, आणि ओसरीवरचा पाहुणा कोणी न हाकलता निघून गेला.

2000 साली हा कप्पाच बंद करावा असा ठराव डेबियनमध्ये आला. तेव्हा एक मजेदार अडचण निघाली: करार बदलता येतो की नाही, हेच त्यांच्या घटनेत लिहिलेले नव्हते! ती उणीव 2003 मध्ये भरून काढली आणि मूलभूत दस्तऐवज बदलण्यास तीनास एक असे मताधिक्य लागेल असे ठरले. मग 2004 च्या मार्चमध्ये मतदान झाले. अँड्रू सफील्ड यांचा ठराव कप्पा बंद करण्याचा होता. अँथनी टाउन्स यांचा, तो चालू ठेवण्याचा पुनरुच्चार करणारा. टाउन्स यांचा ठराव निवडला गेला. पाहुणा राहिला.

त्यानंतर जे घडले ते कादंबरीत लिहिले तर संपादक खोडून टाकतील. पुढच्याच महिन्यात 'संपादकीय दुरुस्त्या' अशा निरुपद्रवी नावाचा ठराव संमत झाला. त्यात शब्द असे घट्ट झाले की मुक्ततेची अट केवळ आज्ञावल्यांना नव्हे, तर माहितीपुस्तिकांना आणि यंत्रभागांच्या फाइलींनाही लागू आहे, हे निःसंदिग्ध झाले. प्रकाशनाची जबाबदारी टाउन्स यांच्याकडेच होती. या शब्दांप्रमाणे वागायचे तर नवी आवृत्ती आता लांबणीवर पडणार, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा, आपण नुकतीच घेतलेली शपथ नवी आवृत्ती निघेपर्यंत लागू होणार नाही, असा आणखी एक ठराव त्याच मंडळींना करावा लागला. ती आवृत्ती 2005 च्या जूनमध्ये निघाली.

2006 मध्ये तर काव्यगत न्यायच झाला. ग्नूच्या पुस्तिकांच्या परवान्यात, काही प्रकरणे कोणी कधीही बदलू नयेत अशी तरतूद आहे. अशी प्रकरणे असलेली पुस्तिका मुक्त नव्हे, असा निर्णय डेबियनने मतदानाने दिला. परिणामी, ज्यांनी मुक्तीचा मंत्र दिला त्यांच्याच ईमॅक्स या आज्ञावलीची माहितीपुस्तिका डेबियनच्या अमुक्त कप्प्यात जाऊन बसली. गुरूलाही ओसरीवर बसविणारा हा शिष्य दांभिक असेल. पण तो भित्रा नव्हता, एवढे कबूल करावे लागते.

हे सारे वाचताना आरंभी मला आमच्या आजीचे सोवळे आठवत होते. शिवाशिवीचा तोच जाच, तेच वेगळे ठेवणे. परंतु विचार करता दोहोंतला भेद कळला. सोवळ्यात वस्तूला कोणी स्पर्श केला याचा विचार असतो. ती उघडून पाहण्याची कोणाला मुभाच नसते. येथे स्पर्श कोणीही करावा. प्रश्न एवढाच की ती उघडता येते की नाही. पहिले माणसांना दूर ठेवण्यासाठी आहे, दुसरे माणसांना आत घेण्यासाठी. दोन्हीकडे रेघ आहे; परंतु रेघ कशासाठी ओढली यावरच तिचे बरेवाईट ठरते.

खरी कसोटी पुढेच होती. ती फर्मवेअरने आणली. संगणकातल्या पुष्कळ उपकरणांत, म्हणजे ध्वनीच्या, बिनतारी जोडणीच्या, चित्राच्या भागात, एक छोटी आज्ञावली चालते. पूर्वी ती उपकरणातच कायमची कोरलेली असे. पुढे कारखानदारांना असे सोईचे वाटले की ती फाइल बाहेर ठेवावी आणि यंत्र सुरू होताना प्रणालीने ती उपकरणात भरावी. ती वाटण्याची परवानगी पुष्कळदा मिळते, मूळ संहिता मिळत नाही. आता गंमत पाहा. तीच गुप्त आज्ञावली उपकरणात कोरलेली असली तर कोणाची हरकत नाही. जी बदलताच येत नाही ती तारांच्या जुळणीसारखीच मानावी, असे स्टॉलमनही म्हणतात. पण ती फाइल होऊन दाराशी आली की धर्मसंकट उभे राहते.

2006 आणि 2008 मध्ये डेबियनने मते घेऊन हा प्रश्न त्या त्या आवृत्तीपुरता पुढे ढकलला. 2011 च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत मात्र गाभ्यातून अशा सर्व फाइली वेचून काढल्या आणि अमुक्त कप्प्यात ठेवल्या. शब्द पाळला गेला. किंमत कोणी दिली? माझ्यासारख्यांनी. ज्याला जोडणीची फाइल हवी, त्याने ती जोडणीवाचून आणायची! डेबियनचेच लोक ही अडचण जाणून फर्मवेअरसह एक वेगळी, अनधिकृत प्रत बनवीत. परंतु ती अशा कोपऱ्यात ठेवलेली असे की माहीतगारालाच सापडावी. म्हणजे पुढच्या दारावर व्रत आणि मागच्या दाराने शिधा. मला वाटते, डेबियनच्या इतिहासात दंभ कोठे शिरला असेल तर तो ओसरीवर नव्हे, या मागच्या दाराशी.

2022 मध्ये स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय पुन्हा उघड केला. ते स्वतः या प्रती बनविणाऱ्यांपैकी. नव्या लॅपटॉपांत ध्वनीलाही फर्मवेअर लागू लागले होते; ज्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि जो यंत्राचे बोल ऐकूनच प्रणाली बसवितो, त्याला आरंभच करता येईना. हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. सप्टेंबरात मतदान झाले. रस ऑलबेरी यांनी मांडलेला ठराव, तीनास एकाची अट पुरी करून, निवडून आला: करारातच बदल करावा, अधिकृत प्रतीत आवश्यक ते फर्मवेअर असावे, अशी प्रत एकच असावी, कोणते फर्मवेअर भरले ते उपयोगकर्त्याला सांगावे, आणि नको असल्यास ते नाकारण्याची सोय ठेवावी. त्यासाठी भांडारात केवळ फर्मवेअरचा स्वतंत्र कप्पा निघाला. 10 जून 2023 रोजी निघालेली बारावी आवृत्ती ही या निर्णयाची पहिली.

मुक्तीचे व्रत घेतलेल्यांनी अमुक्त वस्तू वाटावी काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे की वाटावी. पण तिच्यावरची पाटी कधी काढू नये, आणि पाटीची जागा बदलायची तर चारचौघांत, हात वर करून बदलावी. डेबियनने तीस वर्षांत अनेकदा तडजोड केली. परंतु प्रत्येक तडजोडीची तारीख आहे, ठराव आहे, मतांचा हिशेब आहे. तडजोडीने तत्त्व मरत नाही. ज्या तडजोडीला कोणी तडजोड म्हणेनासे होते तिच्याने मरते.

हे लिहून मी थांबलो असतो; पण आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. 2019 मध्ये मी त्या माजी विद्यार्थ्याकडून फर्मवेअरचा दुसरा पेनड्राइव्ह मागविला होता. तो येईपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत सातवीच्या वर्गात 'मुक्त म्हणजे काय' यावर जेवढी भवती न भवती झाली तेवढी माझ्या कोणत्याही तासाला झाली नसेल. आपला लॅपटॉप आपला असूनही त्यातले एक दार आपल्याला उघडता येत नाही, एवढे त्या मुलींना पक्के कळले होते.

2023 मध्ये, त्यांपैकी आठ लॅपटॉप चालू होते त्यांवर मी नवी आवृत्ती बसविली. यंत्र कोठेही थांबले नाही. बिनतारी जोडणी आपोआप लागली. दुसऱ्या मुली भोवती उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनेही काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही पडद्यावर ठळकपणे आलेच नव्हते. मी ज्या निर्णयाचे येथे समर्थन करतो आहे त्याची ही किंमत आहे, आणि ती मला दिसते.

म्हणून त्या दिवशी काम संपल्यावर मी भांडारांची यादी असलेली फाइल उघडली आणि तिच्यातले दोन शब्द फळ्यावर लिहिले: 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर'. मग आठही लॅपटॉपांत भरलेल्या बंद फाइलींची नावे शोधून काढली आणि ती शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत लिहायला मुलींना सांगितली. खुर्च्या, फळे, घंटा यांच्या खाली आता ती नावे आहेत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे, असे एकीने विचारले. मी म्हटले, "लिही: शाळेच्या वापरात आहे, शाळेच्या मालकीचे नाही."